आधी बोळा, मग सुई

उजवा तळहात छातीवर ठेवायचा, मान डावीकडे जराशी कलती करायची, डोळे अर्धे मिटायचे आणि आवाज सायीसारखा मऊ करून म्हणायचं, "इफ यू डोन्ट माइंड..."

एवढं झालं की समजावं, आता सर आपल्याला असं काही विचारणार आहेत जे आपल्या सख्ख्या आईनेही कधी विचारलं नाही.

दवाखान्यात इंजेक्शन तुम्ही घेतलंच असेल. कंपाउंडर आधी स्पिरिटचा गार बोळा दंडावरून फिरवतो. आपण त्या गारव्यात क्षणभर रमतो आणि तेवढ्यात सुई आत. सरांचं सगळं शास्त्र या एका बोळ्यावर उभं होतं. ते म्हणायचे, "वहिनी, माणूस सुईनं चिडत न्हाई. कोरड्या दंडावर टोचलं की चिडतो. आधी बोळा, मंग सुई."

भोकरदनच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. मी खालून कागद पाठवायचे, ते वरून आवाज पाठवायचे. सकाळी सातला पहिली बॅच सुरू झाली की माझ्या छतातून पंचवीस जण एका सुरात "मे आय आस्क" म्हणायचे आणि पंख्याची धूळ माझ्या टेबलावर पडायची.

माझ्या धंद्याविषयी आधीच कबूल करून टाकते. लोकांचा सातबारा, पोरांच्या टीसी, रक्ताचे रिपोर्ट, लग्नाच्या पत्रिका, सगळं माझ्या काचेवर पालथं पडतं आणि ट्रेमध्ये उताणं होऊन बाहेर येतं. मी वाचत नाही. डोळे वाचतात.

आमच्या गावात प्रश्न विचारणं हे पाणी विचारण्यासारखं आहे. जालन्याची एसटी लागेपर्यंत बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला आपण विचारून घेतो, कोणतं गाव, कोणाचे तुम्ही, लेकरं किती, एकच का, मंग दवाखाना केला का न्हाई. एसटी सुटताना ती बाई खिडकीतून हात हलवते. तिला राग आलेला नसतो, कारण तेवढ्या वेळात तिनेही आपल्याकडून तेवढंच काढून घेतलेलं असतं.

अशा गावात सर परवानगी मागून विचारायला शिकवत होते. पोहणाऱ्या म्हशीला छत्री द्यावी तसं.

त्यामागे एक कथा होती. सर भोकरदनजवळच्याच खेड्यातले, पण ऐन उमेदीची वर्षं पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला काढलेली. तिथे एका परदेशी पाहुणीला त्यांनी भोकरदनच्या मायेने विचारलं, "मॅडम, नो चिल्ड्रन? व्हाय?" बाई चहाचा कप अर्धा टाकून उठली. मॅनेजरने आत बोलावून सांगितलं, अरे बाबा, हे लोक खिडकी उघडू का हेसुद्धा आधी परवानगी घेऊन विचारतात. त्या दिवशी सरांना आपलं जन्माचं काम सापडलं. ही कथा दर बॅचला पहिल्या दिवशी व्हायची. बाई कधी जर्मन असे, कधी जपानी, एका पावसाळ्यात ती ऑस्ट्रेलियाहून आली. अर्ध्या चहाचा कप मात्र कायम.

कथा संपली की कागद वाटला जाई. हा कागद माझ्याच मशीनवर जन्मला. वर ठळक अक्षरात "बोळे" आणि खाली पाच वाक्यं. "इफ यू डोन्ट माइंड", म्हणजे तुमची हरकत नसेल तर. "मे आय आस्क", म्हणजे विचारू का. "आय होप इट इज नॉट टू पर्सनल", म्हणजे फार खासगी नाही ना. "जस्ट आउट ऑफ क्युरिऑसिटी", म्हणजे सहजच हो, बाकी काही नाही. आणि सगळ्यात जड, लग्नमुंजीतच काढायचा तो, "फर्गिव्ह मी फॉर आस्किंग". विचारतोय त्याबद्दल आधीच माफी.

वाक्यं पाच आणि पाचांच्या शेवटी टिंब टिंब टिंब. त्या टिंबांत काय भरायचं ते ज्याचं त्यानं.

गावाने ती टिंबं काय भरली म्हणता.

आमचे घुगेमामा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे जायचं म्हणून मामांनी म्हातारपणी क्लास लावला. तिथे लिफ्टमध्ये शेजारची बाई भेटली. मामांनी छातीवर हात ठेवला, मान कलती केली आणि विचारलं, "इफ यू डोन्ट माइंड, व्हाय युअर हजबंड इज ऑल्वेज शाउटिंग?" मामा सांगत होते, "सूनबाई, ती बाई नवव्या मजल्यापासून खालपर्यंत रडत आली. मंग म्हणली, अंकल, अजून थोडं राह्यलंय. मंग आम्ही पुन्हा वर गेल्तो." सहा खेपा झाल्या. संध्याकाळी मुलगा म्हणाला, बाबा, इथं असं विचारत नसतात. त्यानंतर मामा पुण्याला गेल्याचं ऐकलं नाही. पण सरांकडे पेढे घेऊन आले होते. बोळा लागू पडला होता ना.

समोरच्या ब्लाउजवाल्या शमीम आपा याच क्लासच्या. माप घेताना त्या पूर्वी सरळ म्हणायच्या, "क्या बाई, कमर किधर चली?" आता टेप गळ्यात टाकून म्हणू लागल्या, "इफ यू डोन्ट माइंड मॅडम, टू इंच मोर?" आणि ज्या बाया आधी फणकारून जायच्या त्या आता हसून मान डोलवायच्या. जाड तर जाड, पण इंग्रजीत.

इथवर मलाही मौज वाटत होती. मग हे शास्त्र मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात शिरलं.

मुलगी पाहायला गेलं की तिला चालून दाखवायला लावायचं, पाय सरळ पडतो का बघायचं, काहीतरी वाचायला देऊन जीभ अडखळते का बघायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. गाईच्या बाजारात दात मोजतात, तसंच. मधल्या काळात लोकांना तिची थोडी लाज वाटायला लागली होती. आता ती परत आली, सरांच्या कागदाचं बोट धरून. "इफ यू डोन्ट माइंड, कॅन यू वॉक अ लिटल?" मुलीची आई पदर सावरत आत येऊन सांगायची, किती सुसंस्कृत माणसं आहेत, परवानगी मागितली. मुलगी चालायची. परवानगी तिच्याकडे मागितली आहे असं कुणाच्या डोक्यात यायचं नाही. तिच्याही नाही.

सरांना एकच मुलगी, अर्चना. तिची आई लहानपणीच गेलेली. सरांनी तिला वाढवलं ते इंग्रजीतच म्हणायला हरकत नाही. पोरगी दुकानात पेन घ्यायला आली तरी "मे आय" म्हणायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा सर जिना उतरून थेट माझ्या टेबलापाशी आले. चेहरा असा उजळलेला की मशीनचं झाकण उघडं राहिलं की काय असं मला वाटलं.

"वहिनी, काय घर आहे. सतरा प्रश्न विचारले, मी मोजले. सतरा वेळा परवानगी. चालायला सांगितलं ते 'इफ यू डोन्ट माइंड'. चष्मा काढ म्हणले ते 'फर्गिव्ह मी'. मुलाच्या आईनं तर, आय होप इट इज नॉट टू पर्सनल म्हणत दातसुद्धा पाहिले."

"आणि अर्चना काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार? बिलकुल हसतमुख."

तुम्ही म्हणाल, मला तेव्हाच काही कळायला हवं होतं. मला काय कळणार. मी त्यांच्या पत्रिकेच्या नमुन्याची झेरॉक्स काढत होते आणि मुलाच्या वडिलांच्या नावापुढची पदवी वाचत होते.

लग्न थाटात झालं. आठ महिन्यांनी अर्चना परत आली. हातात एक सुटकेस, आणि दुपारच्या एसटीने, म्हणजे सगळा बसस्टँड जागा असताना.

पहिला महिना सर म्हणाले, सणाला आली. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, परीक्षा द्यायचीय. तिसऱ्यात म्हणाले, हवा मानवत न्हाई तिकडची. चौथ्या महिन्यात त्यांनी काही म्हणणंच सोडलं. अर्चना रोज दुपारी वडिलांचा डबा घेऊन माझ्या दुकानापुढून जिना चढायची आणि वर कोपऱ्यात बसून पोरांच्या वह्या तपासायची.

गावाचे हाल मला पाहवेनात. एरवी ज्या गावाने सुटकेस जमिनीला टेकायच्या आत "का गं आलीस" विचारलं असतं, ते गाव सभ्य होऊन बसलं होतं. प्रत्येकाच्या खिशात पाच बोळे आणि कुठला काढावा ते कुणाला सुचेना. खुद्द सरांच्या पोरीला विचारायचं म्हणजे वाक्य चुकून चालणार नव्हतं. शमीम आपांनी ब्लाउजचं माप घेताना संधी साधली, पण ऐनवेळी इंग्रजी विसरल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "जबान पे आया और फिसल गया."

आता माझं ऐका. मी मंठ्याची. लग्न होऊन भोकरदनला आले तेव्हा याच गावाने मला आठ वर्षं विचारलं होतं, पाळणा कधी. मला कळायला हवं होतं की विचारल्याने काय होतं. पण माणूस मोठा चमत्कारिक प्राणी आहे. ज्या विहिरीत तो स्वतः बुडता बुडता वाचतो, तिच्याच काठावर उभं राहून पुढच्याला म्हणतो, बघ रे, किती खोल आहे.

मी चार वाजताची गृहिणींची बॅच लावली.

सरांना आनंद झाला. "वहिनी, तुम्ही? इतकी वर्षं नुसत्या झेरॉक्स काढल्या, आता ओरिजिनल घ्या." मी मान खाली घालून हसले. तीन आठवडे मी असा अभ्यास केला की दहावीला केला असता तर आज मशीनच्या मागे नसते. रात्री भाकरी थापताना पुटपुटायचे. आमचे हे विचारायचे, काय मंत्र म्हणतेस? मी म्हणायचे, फळणारा आहे.

शनिवारी परीक्षा असायची. सर खुर्चीत अनोळखी पाहुणा होऊन बसत आणि प्रत्येकाने एकेक अवघड प्रश्न विचारायचा. सरांचा शब्द होता, "बोळा बराबर फिरवला तर मी कायबी सांगतो. चुकला तर न्हाई." आणि ते सांगायचेही. केसांना काय लावता, दात किती खरे, दुसरं लग्न का नाही केलं. एकीने विचारलं होतं, सर, तुम्ही घोरता का. सरांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "आय ॲम टोल्ड सो."

तो शनिवार आला. आम्ही अकरा जणी आणि घुगेमामा. मामांना दुपारची झोप येत नसे म्हणून ते गृहिणींत बसत. कोपऱ्यात अर्चना लाल पेनाने वह्या तपासत होती. शमीम आपांनी सरांचं वय विचारलं, मामांनी रक्तातली साखर विचारली, आणि माझी पाळी आली.

मी उभी राहिले. पदर नीट केला. तळहात छातीवर, मान डावीकडे.

"सर, आय होप इट इज नॉट टू पर्सनल. इफ यू डोन्ट माइंड, मे आय आस्क, व्हाय हॅज युअर डॉटर कम बॅक होम?"

मुलगी घरी परत का आली? एका सुईला तीन बोळे. एकही शब्द चुकला नाही. बसले तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे सांगायला आज लाज वाटते, पण वाटत होता.

खालून जालन्याच्या एसटीची घोषणा ऐकू आली. अकरा बायका आणि एक निवृत्त कंडक्टर पुढे झुकून बसले होते. चार महिन्यांचा उपास आज सुटणार होता.

सरांचा हात छातीवर गेला. "करेक्ट," ते म्हणाले. मग पुन्हा, "व्हेरी करेक्ट." त्यांनी शब्द दिला होता, आणि वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. ते एकदा माझ्याकडे पाहत, एकदा फळ्याकडे. तोंड उघडलं. मला वाटतं ते सांगणार होते. खरंच सांगणार होते, कारण इतक्या नम्रपणे विचारलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

कोपऱ्यात पेनाचं टोपण लागल्याचा आवाज झाला.

"काकू," अर्चना म्हणाली, "तुम्ही परवानगी मागितली ना?"

"हो," मी म्हणाले.

"मंग ऐका. येस, आय डू माइंड." मग जणू आम्हाला समजावं म्हणून मराठीत, "हरकत आहे. माझी."

आवाज चढला नव्हता. तिने टोपण काढलं आणि पुढची वही ओढली.

माझ्या शेजारी शमीम आपा कागद चाचपत होत्या. वरून खाली वाचला, उलटा करून मागे पाहिलं. मग माझ्या कानाशी पुटपुटल्या, "ये जवाब तो कागद पे हैच नहीं."

नव्हताच. इतकी वर्षं मी त्या कागदाच्या हजारो प्रती काढल्या. हरकत नसेल तर, हरकत नसेल तर, असं गावभर वाटलं. एखाद्याची हरकत असू शकते, आणि असली तर त्याने काय म्हणावं, हे ना लिहिणाऱ्याला सुचलं, ना छापणारीला.

सर उठले. खडू घेतला. फळ्यावर पाच वाक्यं होतीच, त्यांच्याखाली सहावा आकडा घालून लिहिलं, "येस, आय डू माइंड." अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही. आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "रिपीट आफ्टर मी."

बायकांनी म्हटलं. आधी खिदळत, मग कमी खिदळत. घुगेमामांनी "माइंड"वर जोर दिला.

सोमवारी सर नवा कागद घेऊन खाली आले. वर "बोळे" हे नाव नव्हतं. नकाराची वाक्यं होती, सहा की सात. मी मशीन चालू केली. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"तुमचं वाक्य बराबर होतं, वहिनी."

प्रती पडत होत्या. ते ट्रेकडे पाहत म्हणाले, "सतरा वेळा विचारलं होतं त्यांनी. मी खुश होऊन मोजत बसलो. लग्नानंतरबी तसंच. कुठं गेल्ती, कोणाचा फोन आल्ता, सगळं इफ यू डोन्ट माइंड. आणि पोरगी सांगत राह्यली, चालत राह्यली. तिला न्हाई म्हणता येतच न्हवतं. शिकवलंच न्हाई ना मी. मी फक्त विचारायचं शिकवलं."

मी कागद जुळवून दिले. सवयीने विचारणार होते, कसला फोन. जीभ दाताखाली धरली. दात नेमके उपयोगी पडले.

त्या दिवसापासून सरांच्या क्लासचा पहिला धडा नकार झाला. पहिला आठवडा नुसतं नाही म्हणायचं. गोड नाही, सरळ नाही, हसून नाही, विषय बदलून नाही. प्रश्न विचारायचे ते दुसऱ्या आठवड्यापासून, आणि समोरचा नाही म्हणाला की "थँक यू" म्हणून गप्प बसायचं.

भोकरदनने हे फार दिवस सोसलं नाही. विचारायला शिकण्यासाठी लोक तीर्थपुरीहून आले असते, गप्प बसायला कोण येतो? मुलांच्या आया म्हणू लागल्या, पोरगं घरात न्हाई म्हणायला लागलंय. एक पाहण्याचा कार्यक्रम मोडला, कारण मुलीने "आय वुड रादर नॉट" म्हणून चालून दाखवायला नकार दिला. तिच्या बापाने जिन्यात उभं राहून सरांना जे सुनावलं त्यात एकही बोळा नव्हता. घुगेमामांनी नाव काढून घेताना मला सांगितलं, "न्हाई म्हणायला इंग्रजी कशाला लागती सूनबाई? ते तर आमची म्हैसबी म्हणती."

सकाळची पंचवीसची बॅच नऊवर आली, मग चारवर. माझ्या टेबलावर धूळ पडायची थांबली. जिन्याने वर जाणारं माणूस म्हणजे डबा घेतलेली अर्चना, बस.

एका दुपारी ती जिना चढली नाही. माझ्या दुकानात आली. छातीशी एक फाइल धरलेली, नाडीची, कोर्टाच्या आवारात मिळते तशी.

"काकू, दोन-दोन प्रती."

आता तुम्ही माझ्या जागी या. इतके महिने सगळं गाव ज्यासाठी झुरलं ते सगळं त्या फाइलमध्ये. कागद काचेवर पालथे पडणार आणि ट्रेमध्ये उताणे होऊन माझ्या हातात येणार. मला तोंड उघडायचीही गरज नव्हती. माझे डोळे आधीच नाडीपर्यंत पोचले होते.

अर्चनाने फाइल टेबलावर ठेवली नाही. ती नुसती माझ्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात मान डावीकडे कलती नव्हती.

मी खुर्चीतून उठले. "हिरवं बटण," मी म्हणाले, "आणि कागद अडकला तर डावीकडचं झाकण. तूच काढ."

मी दुकानाबाहेर येऊन फळीवर बसले, रस्त्याकडे तोंड करून. मागे मशीन घरघरत होती. एकेक कागद, एकेक प्रत. मी समोरच्या एसटीच्या पाट्या वाचल्या. मंठा. जालना. सिल्लोड. पुन्हा मंठा. एका बाईला वाटलं मला बरं नाही, तिने पाणी आणून दिलं. चौदा कागद होते. आवाजावरून मोजले. तेवढी सूट मी स्वतःला दिली.

अर्चना बाहेर आली, म्हणाली, "झालं, काकू." मग जाता जाता थांबली आणि माझ्या हातातला रिकामा ग्लास घेऊन आत टेबलावर ठेवला. मला वाटतं तिने मला माफ केलं. की नुसता ग्लास ठेवला, कोण जाणे. मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर सरांनी क्लास बंद केला. अर्चनाला जालन्यात एका दवाखान्यात नोकरी लागली, खिडकीशी बसून पेशंटचे फॉर्म भरायची. बापलेक एका टेम्पोत मावले. जाताना सरांनी माझ्यापुढे उभं राहून सवयीने हात छातीवर नेला. मी वाट पाहिली. त्यांनी हात तसाच खाली घेतला आणि म्हणाले, "येतो वहिनी."

आता वरची खोली रिकामी आहे. बाहेर पाटी आहे अजून, "स्पोकन इंग्लिश", त्यातला "स्पो" पावसाने नेलाय.

लोक मला विचारतात. विचारणारच. पोरीनं कागद तुमच्याकडंच केले असतील की, असं म्हणत टेबलावर कोपरं टेकतात. मला माहीत नाही म्हटलं तर हसतात. झेरॉक्सवाल्या बाईला माहीत नाही, यावर या गावात कोण विश्वास ठेवणार? आणि खरं सांगते, न माहीत असण्याने माझा जीव अजून कासावीस होतो. एखादीला पोटदुखी असते, मला हे आहे.

मागच्या महिन्यात घुगेमामा डोळे दाखवायला जालन्याला गेले होते. आले ते तावातावाने.

"सरांची पोरगी होती खिडकीला. मला वळखलं तिनं. नाव लिवलं, वय लिवलं. मंग म्हणली, मामा, सोबत कोण आलंय? म्या म्हणलं, कोणी न्हाई. तर तिनं तिथं रेघ मारली आणि म्हणली, बसा. का न्हाई आलं, पोरगा कुठंय, काहीच न्हाई इचारलं, सूनबाई. असं कुठं असतं का?"

मामांनी दवाखान्यातून मिळालेला हिरवा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरं झालं म्हणा न्हाई इचारलं," ते म्हणाले.

सरांच्या नव्या कागदाची एक प्रत माझ्याकडे राहिली होती. तिच्यातलं पहिलं वाक्य कापून मी मशीनच्या झाकणावर चिकटवलंय. येस, आय डू माइंड. नवं गिऱ्हाईक ते वाचून दारातच थबकतं आणि विचारतं, मशीन बंद आहे का हो?

मी म्हणते, मशीन चालू आहे. बाकी बंद.